जनाकाकीचं ऊन

आमच्या शेजारचे भिकाजीकाका बायकोला खाऱ्या बांगड्यासारखी उन्हात घालत. एक बाजू झाली की हाक येई, "जना, आता परत गो!" जनाकाकी बिचारी खाटेवर कूस बदलायची. मीठ लावायचं तेवढं बाकी होतं.

काका जन्मभर होडीवर. मासळी सुकवण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या किनाऱ्यावर कोणी नव्हता. त्यामुळे कुडाळच्या डॉक्टरांनी, "ऊन न मिळाल्यानं यांची हाडं मऊ झाली आहेत. औषध घ्या, रोज ऊन द्या आणि पडू देऊ नका," असं सांगितलं तेव्हा ऊन कसं द्यायचं, हे काकांनी विचारलंच नाही.

सकाळच्या कोवळ्या उन्हाला ते नाक मुरडायचे. "ह्या उन्हात बांगडो सुद्धा कुसता. हाडां काय घट्ट होतली?" मग ऊन तापलं की खाट दारापुढच्या खळ्यात यायची. कावळ्यांच्या भयानं वर जुनं जाळं.

"माका कावळे कशाक खातले? मी जिती आसंय!" काकी जाळ्याखालून ओरडायची.

माडाची सावली खाटेवर आली की खाट पुढे ओढायची. आभाळ भरून आलं की काका एसटीडी बूथवर धावायचे. "डाक्टर, आज ऊनच नाय. आता काय करू?" परत आल्यावर कुंपणाशी उभे राहून मला विचारायचे, "कालचा ऊन पुरतला मा गो?" मला काय कळणार? मी मान हलवायची. पण काकी भिंत धरून चालताना दिसली की मीही आभाळाकडे बघायची.

एकदा मी कढी द्यायला गेले. जाळं बाजूला पडलं होतं. काका खाटेशी उकिडवे बसून काकीच्या नडगीवरून बोटं फिरवत होते. मी आल्याचं त्यांना कळलं नाही.

"सगळ्यो बायलो मासळीच्यो टोपल्यो घेवन उन्हात फिरल्यो," ते म्हणत होते. "मीच तुका उंबऱ्याभायर जावक देवक नाय. म्हटलंय, माझ्या बायलेन म्हावरा विकूचा नाय. आता त्येंची हाडां बघ, आणि तुझी..."

काकीनं डोळे उघडले नाहीत. "माका बाजार बघूचो आसा," ती म्हणाली.

"कसलो?"

"म्हावऱ्याचो. चाळीस वर्सां घरात म्हावरा येता. ता विकतत कसा, माका खंय म्हायत?"

"आणि वाटेत पडलंस तर?"

"तुमी आसात मा."

दोन महिने गेले. एका सकाळी दोघं रस्त्यानं जाताना दिसली. काकांनी तिचा हात घट्ट धरला होता. आमच्याकडे भर रस्त्यात असा हात कोणी धरत नाही. मलाही बाजारात जायचंच होतं. मी त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून गेले.

मासळीवाल्या हसायला लागल्या. "काय भिकाजीदादा, नवीन लगीन झाला काय?"

काकांनी वर पाहिलंच नाही. काकी प्रत्येक टोपलीत वाकून बघत होती, आणि ते तिच्या पावलांकडे.