खडीसाखरेचा लेख

आमचे साहेब कशालाही 'छान' म्हणत नाहीत. वरणाला म्हणत नाहीत, केळ्यालाही म्हणत नाहीत, आणि बुरहानपूरला राहून केळ्याला छान न म्हणणं सोपं नाही. फारच आवडलं तर म्हणतात, "दोष सापडला नाही. म्हणजे नाहीच असं नाही."

लोधीपुऱ्यात त्यांच्या घरी मी वीस वर्षं स्वयंपाक करते. साहेब मेडिकल कॉलेजात शिकवायचे. गोळ्या लिहून देणारे डॉक्टर नव्हेत. कोणत्या गावात कोणता रोग किती जणांना होतो आणि कशाने होतो, त्याचे डॉक्टर. आता रिटायर झालेत. पण कोणी असा अभ्यास करून लेख लिहिला, की मासिकवाले छापण्याआधी तो साहेबांकडे पाठवतात. साहेबांनी चुका काढायच्या आणि छापावा की नाही ते कळवायचं. लिहिणाऱ्याला साहेबांचं नाव कळू देत नाहीत. ते बरंच आहे.

लेख गुप्त असतो, कोणाला दाखवायचा नसतो. म्हणून साहेब तो मला वाचून दाखवतात.

"तुम्ही कोणाशी बोलतच नाही, इंदुबाई. तुमच्याइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही."

लेख इंग्रजीत असतो, ते मराठीत सांगतात. मधूनच हिंदीत जातात, कारण त्यांचं लहानपण जबलपूरला गेलं. मी पोळ्या लाटत ऐकते. माझी चौथी झाली आहे, त्यामुळे अर्धंच कळतं. साहेब म्हणतात, लिहिणाऱ्यालाही बहुतेक तेवढंच कळलेलं असतं.

त्यांचा आवडता शब्द 'कशावरून?' शेजारचे पाटीलकाका एकदा मोठ्या हौसेने सांगायला आले, "डॉक्टरसाब, रोज लसूण खातो. बीपी एकदम गायब!"

"कशावरून लसणाने?"

"अहो, लसूण सुरू केला अन् गेलं ना!"

"त्याच महिन्यात तुमचे साडूही गेले ना? आठ महिने राहून?"

काका विचारात पडले. "वो भी सही है," म्हणाले आणि उठले. अजून लसूण खातात, पण आमच्याकडे येत नाहीत.

इतक्या वर्षांत साहेबांनी एकही लेख पहिल्या फेरीत पास केलेला मी पाहिला नाही. एकाला त्यांनी लिहिलं होतं की तुमच्या लेखात फक्त गावाचं नाव खरं वाटतं.

मागच्या हिवाळ्यात खडीसाखरेचा लेख आला.

तापीकाठच्या गावांत केळीच्या बागांत राबणाऱ्या बायकांच्या तोंडात चट्टे येतात, त्यावर तो होता. बाहेरून आलेल्या मुलांनी घरोघर जाऊन हिंदीत विचारलं होतं. तंबाखू जवळजवळ कोणीच घेत नव्हतं. पण चट्टे असलेल्या बायका दिवसातून चार-पाच वेळा खडीसाखर घेत होत्या. लेखाचं म्हणणं असं, की रोग खडीसाखरेने होतो. तंबाखूच्या शंकेने या बायकांची तोंडं तपासत फिरणं आता बंद करावं.

साहेबांनी 'कशावरून' विचारलं नाही. दोन दिवस ते लाल पेनाचं टोपण न काढता बसून राहिले. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "पास करतो आहे."

"का?" मी विचारलं. बहुतेक पहिल्यांदाच.

"सुमन," ते म्हणाले.

सुमनताई म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरने गेल्या. तंबाखूला त्यांनी कधी हात लावला नाही, असं साहेब सगळ्यांना सांगत.

"लग्नानंतर तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली. म्हणाली, मिश्रीशिवाय माझी सकाळ होत नाही. मग दर शनिवारी पाव किलो आणायचो. तीस वर्षं. मीच आणत होतो, इंदुबाई."

माझं लाटणं थांबलं.

हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर. आम्हा बायकांची मिसरी वेगळी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना लावायची. पण तिला कोणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात.

सांगावं की नाही, या विचारात तव्यावरची पोळी करपली. शेवटी तव्याकडेच बघत बोलले. "साहेब, चार-चार वेळा खडीसाखर कोण खातं? त्या बाया म्हणाल्या असतील मिसरी. पोरांनी लिहिली मिश्री." मग मिसरी म्हणजे काय, तेही सांगितलं.

साहेब पाटावर बसले. पाटावर ते कधी बसत नाहीत.

"आणि सुमन?"

"ताईंनी तुमची खडीसाखर कधी खाल्लीच नाही. त्यांची मिसरी आधी माहेरून यायची. नंतर मी भाजून आणायचे. दुपारी तुम्ही कॉलेजात गेलात की आम्ही दोघी मोरीपाशी बसायचो." 'मी भाजून आणायचे' एवढं मी करपलेली पोळी तव्यावरून खरवडत म्हणाले.

"मग दर शनिवारची पाव किलो?"

"मी आल्यापासून माझ्या पोरांनी खाल्ली. थोडी मुंग्यांनी."

"अरे, पण एकदा सांगायचं ना मला!"

"तुम्ही पहिला पुडा फार खुशीत आणला होता म्हणे. ताई म्हणायच्या, जाऊ दे इंदू, आणू दे त्यांना."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग टेबलाशी जाऊन पेनाचं टोपण काढलं आणि तीन पानं लिहिली. लेख पास केला नाही, नापासही केला नाही. मासिकाला कळवलं, की या मुलांना पुन्हा गावात पाठवा, तोवर तपासणी थांबवा असं कोणी म्हणू नये, मी वाट बघतो. मुलांसाठी शेवटी लिहिलं ते मला वाचून दाखवलं. 'बाईने नाव सांगितलं की लगेच लिहून घेऊ नका. वस्तू दाखवायला सांगा.'

"मी सुमनला कधी दाखवायला सांगितलं नाही," ते म्हणाले. हे त्यांनी लिहिलं नाही.

मग माझ्याकडे वळले. "तुम्हीही लावता?"

"हो."

"डबी दाखवा."

मी कमरेची डबी काढून दिली. त्यांनी उघडली, वास घेतला, खोकले आणि ती टेबलाच्या खणात ठेवून दिली. परत दिली नाही. कपाटातून बॅटरी आणली.

"तोंड उघडा."

मला फार लाज वाटली. त्यांच्यासमोर मी कधी मोठ्याने हसलेही नव्हते. पण पदर बाजूला केला आणि तोंड उघडलं. गालाच्या आत बघायचं होतं, जिभेखाली बघायचं होतं. बॅटरीचा उजेड एकदा दातांवर पडायचा, एकदा नाकावर, एकदा मागच्या भिंतीवर.

"हलू नका, इंदुबाई," साहेब म्हणाले.

मी हलत नव्हते.