भस्मगडचे इतिवृत्त

दूध संस्थेच्या वार्षिक सभेच्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता सेक्रेटरी गुरुप्रसाद चौगुलेने छापून आलेल्या अहवालाचं नववं पान उघडलं आणि मथळा दोनदा वाचला. मथळा अगदी बरोबर होता, ‘मागील वार्षिक सभेचे इतिवृत्त’. त्याखाली छापलं होतं: ‘सभा सकाळी ठीक अकरा वाजता भस्मगडच्या राजप्रासादात महाराणी मेघावती यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली. गणसंख्या पूर्ण असल्याची खात्री सेनापती दुर्जय यांनी केली. उग्रतुंड या अग्निसर्पाने उत्तरेकडील तीन गावे जाळल्याबद्दल प्रथम दुखवट्याचा ठराव मांडण्यात आला.’

हे त्याच्या कादंबरीचं एकतिसावं, शेवटचं प्रकरण होतं. अहवालाच्या सव्वादोनशे प्रती मांडवात वाटून झाल्या होत्या आणि सभासद त्यांनी वारा घेत बसले होते.

गुरुप्रसाद अकरा वर्षं संस्थेचा सेक्रेटरी होता. सकाळच्या आणि संध्याकाळच्या दूध संकलनाच्या मधल्या वेळात तो संस्थेच्या ऑफिसात बसून भस्मगडची अद्भुत कथा लिहायचा. तीन भागांपैकी दोन छापून आले होते. पुण्याच्या प्रकाशकाने पहिल्या भागाच्या वेळी फक्त एवढंच सुचवलं होतं, की लढाई छान झाली आहे, पण ‘शत्रूचा सर्वानुमते शिरच्छेद करण्यात आला’ हे वाक्य जरा बघा. अकरा वर्षं इतिवृत्तं लिहिलेल्या माणसाची लेखणी दुसऱ्या वळणाने जाणार तरी कशी? गुरुप्रसादच्या गोष्टीत राक्षससुद्धा सूचक आणि अनुमोदकाशिवाय कुणाला खात नसत.

तिसरा भाग मात्र दोन वर्षं याच प्रकरणात अडकला होता. पहिल्या खर्ड्यात राणी एकटीच सर्पाच्या गुहेत जाऊन मरत होती. दुसऱ्यात ती जिवंत परत येत होती, तिसऱ्यात ती सेनापतीला पाठवत होती, चौथ्यात पुन्हा मरत होती. पाचव्यात गुरुप्रसादने सर्पालाच म्हातारपणाने मारलं आणि दुसऱ्या दिवशी लाजून जिवंत केलं. सातव्या खर्ड्यात त्याने राणीचा प्रश्न राजसभेपुढे ठेवला आणि मतदानापर्यंत येऊन थांबला, कारण सभा काय ठरवेल हे त्याला कळेना. प्रकाशकाने महिनाअखेरची शेवटची तारीख दिली होती. त्यानंतर तिसरा भाग निघणार नव्हता.

त्यात एक शपथ गळ्यात पडलेली. गेल्या पावसाळ्यात जनावरांच्या लसीकरणाची यादी करताना त्याच्या हातून एका ओळीत ‘उग्रतुंड, नर, वय चारशे वर्षे’ असं लिहिलं गेलं. डॉक्टर सुई भरून गावभर त्या जनावराचा गोठा विचारत फिरले. त्या दिवशी चेअरमन हंबीररावांनी गुरुप्रसादला समोर उभं करून सांगितलं होतं, “सेक्रेटरी, तुमच्यासारखा कागद लिवणारा दुसरा मिळायचा न्हाय, म्हणून नोकरी ऱ्हाईल. पर परत संस्थेच्या कागदात तुमचा सर्प दिसला, तर लिवनं कायमचं बंद. ती गोष्टीची वही माझ्या हवाली करायची.” गुरुप्रसादने कबूल केलं होतं. त्यामुळे नवव्या पानाकडे बघताना त्याला नोकरीची काळजी नव्हती. तिसरा भाग डोळ्यांदेखत बुडताना दिसत होता.

त्याने मांडवामागे जाऊन कोल्हापूरला स्वप्नालीला फोन लावला. पापाच्या तिकटीजवळ तिचं छपाईचं दुकान होतं. लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल ही तिची मुख्य कामं.

“स्वप्नाली, नवव्या पानावर काय छापलंय?”

“तुमीच पाठवलेलं की. ‘सभा अंतिम खरे’.”

“अगं, ‘सभा अंतिम’ छापायचं होतं.”

“पयलं ‘सभा अंतिम’ आलं, मग ‘सभा अंतिम नवीन’, मग ‘सभा अंतिम खरे’. मी खरं ते घेतलं. ह्यात माझं काय चुकलं सांगा.”

चूक तिची नव्हतीच. कादंबरी आणि संस्था यांच्या फायली एकाच संगणकावर ठेवून सगळ्यांना ‘अंतिम’ म्हणायची खोड गुरुप्रसादची होती.

“पण लावताना वाचलं नाहीस का? त्यात साप आग ओकतोय.”

“वाचलं की. मला वाटलं, तुमच्यात अशीच झाली आसंल सभा. त्याच्या आदल्या साली खुर्च्या मोडल्या हुत्या न्हवं?”

आता एकच वाट उरली होती. ‘विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय कुठल्याही संस्थेत अर्ध्या मिनिटाचा असतो. ‘वाचले असे समजावे’ म्हणायचं, पुढच्या रांगा ‘मंजूर’ म्हणतात, मागच्या रांगा ‘नामंजूर’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते. अहवाल कोणी वाचत नाही, या एका गोष्टीवर गुरुप्रसादची अकरा वर्षांची श्रद्धा होती.

सभा सुरू झाली. गुरुप्रसाद माइकसमोर उभा राहिला. “विषय क्रमांक एक. इतिवृत्त सर्वांच्या हातात आहे, तरी ते वाचले असे समजून...”

“समजून न्हाय,” मागून आवाज आला. विरोधी गटाचे बाळासो उभे राहिले होते. अकरा वर्षांत एकाही विषयाला त्यांनी ‘मंजूर’ म्हटलं नव्हतं. एकदा तर दुखवट्याच्या ठरावालाही त्यांनी हरकत घेतली होती. “दरसाल समजून समजूनच पुढं जातायसा. औंदा वाचून दाखवा.”

हंबीररावांनी व्यासपीठावरून हात हलवला. “वाचा हो सेक्रेटरी. दोन मिंटाचं काम हाय. हुंदे त्यांचं समाधान.”

गुरुप्रसादने घसा खाकरला, अहवाल तोंडासमोर धरला आणि गेल्या वर्षीचं इतिवृत्त आठवेल तसं मनाने म्हणायला सुरुवात केली. “सभा संस्थेच्या प्रांगणात चेअरमनसाहेबांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली. प्रथम...”

“थांबा,” बाळासो म्हणाले. त्यांनी चष्मा लावला होता आणि त्यांचं बोट नवव्या पानावर होतं. “प्रांगण कुठाय ह्यात? हितं राजप्रासाद लिवलंय. कागदावर एक आणि तोंडात एक, ह्येच चाललंय ह्या संस्थेत. जे छापलंय ते वाचा.”

मांडवात सव्वादोनशे पानं एकदम उलटली. गुरुप्रसादने एकदा देवाचं नाव घेतलं आणि छापलेलं वाचू लागला.

राजप्रासाद ऐकून कोणी दचकलं नाही. संस्थेच्या नव्या इमारतीला विरोधी गट राजवाडाच म्हणत असे. महाराणी मेघावती म्हणजे दूध संघाकडून आलेल्या कोणी मॅडम असाव्यात, असं पुढच्या रांगेत ठरलं. पण ‘उग्रतुंड’ हा शब्द माइकमधून बाहेर पडला आणि हंबीररावांची मान सावकाश वळली. लसीकरणाची यादी ते विसरले नव्हते. त्यांनी गुरुप्रसादकडे असं पाहिलं, की त्याने अहवाल नाकाच्या आणखी जवळ धरला.

तरी तो वाचत राहिला, कारण थांबायची सोय नव्हती. उत्तरेची गावं जळाली. धुरामुळे गाई आटल्या, हे वाक्य आलं तेव्हा मांडवात कुणीतरी च्च्च केलं. सर्पाने निरोप धाडला, की महाराणी एकटी गुहेत आली तर बाकीची गावं सोडतो. वारा घेणारे अहवाल एकेक करून थांबले. शेजारच्या मांडवात मसालेभात शिजत होता आणि आचारी डाव हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला.

“‘महाराणींनी एकटीने गुहेत जावे,’” गुरुप्रसादने शेवटची ओळ वाचली, “‘असा ठराव मतास टाकण्यात आला.’”

“मंजूर,” पुढच्या रांगा सवयीने ओरडल्या.

“नामंजूर,” मागच्या रांगा सवयीने ओरडल्या.

मग मात्र सगळ्यांनी पान पुन्हा उघडून पाहिलं. आपण नेमकं काय मंजूर केलं, हा विचार त्या मांडवात प्रथमच आला होता.

आक्का उभ्या राहिल्या. चार म्हशी, पंचाहत्तर वर्षं वय आणि संस्थेचा सभासद क्रमांक तीन. “चेरमन, बाईला एकटीला धाडायलायसा व्हय त्या सापाच्या तोंडात?”

“मी कुठं धाडतोय, आक्का?”

“पुढच्या वळीतनं मंजूर आलं, ती तुमचीच मानसं हायीत. आणि तो सेनापती काय करतोय? नुसती गणसंख्या मोजायला ठेवलाय व्हय त्याला?”

“आक्का बरोबर बोलायल्यात,” बाळासो म्हणाले. “ह्या ठरावाला आमचा विरोध हाय. लेखी नोंद घ्या.”

हंबीरराव चिडले. गोष्ट कोणाची, कागद कोणाचा, हे त्या क्षणी ते विसरले. “विरोध कशापायी? राणी अध्यक्ष हाय. गावावर आलं तर अध्यक्षानंच पुढं व्हायाचं असतंय.”

“आमचा अध्यक्ष कवा पुढं झालता?”

“मी असतो तर गेलो असतो.”

“मग ह्यास्नीच धाडा,” बाळासो म्हणाले. “ह्याला मात्र आमचा गट मंजूर म्हणंल.”

मांडव हसला. हंबीरराव आधी लाल झाले आणि मग तेही हसले. आक्का मात्र बसल्या नव्हत्या. “हसू नगासा. माझी उपसूचना घ्या. राणी जाऊ दे, ती अध्यक्ष हाय. पर एकटी न्हाय. जी सभा बसून मंजूर-नामंजूर करायल्या, ती समदी उठंल आणि तिच्या मागनं जाईल. साप किती जणांस्नी खाईल?”

गुरुप्रसादच्या हातातलं पेन कधी चालू लागलं ते त्याला कळलंच नाही. सात खर्डे त्याने राणीला कधी मारलं, कधी वाचवलं, पण सभा जागेवरून उठू शकते हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. उठेल कशी? त्याच्या अकरा वर्षांत सभा फक्त जेवायला उठली होती. तो अहवालाच्या समासात भराभर लिहीत होता. शपथ, हंबीररावांची नजर, पुण्याची तारीख, सगळं मागे पडलं. दोन वर्षांनी त्याला पहिल्यांदा लिहिण्याचा आनंद होत होता.

“उपसूचनेसह इतिवृत्त कायम करायचं,” हंबीरराव म्हणाले. “मंजूर?”

पुढच्या रांगांनी हात वर केले. मागच्या रांगांनी बाळासोंकडे पाहिलं. बाळासोंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. अकरा वर्षांची सवय मोडायची तर थोडा वेळ लागणारच.

“मंजूर,” ते म्हणाले.

पुढचे अकरा विषय मसालेभाताच्या वासात वीस मिनिटांत संपले. बाळासोंना त्यांच्यापैकी एकावरही बोलायचं सुचलं नाही, कारण ते आक्कांशी सर्पाला मागून कसं गाठावं याची चर्चा करत होते.

जेवणं उरकल्यावर गुरुप्रसाद ऑफिसात गेला. कपाटातून गोष्टीची वही काढून त्याने टेबलावर ठेवली आणि वाट पाहू लागला. शब्द दिला होता. निदान शेवट तरी कळला, अशी तो मनाची समजूत घालत होता, पण डोळे भरून येत होते ते काही थांबेना.

हंबीरराव आत आले आणि खुर्चीत बसले. “सेक्रेटरी, सर्प दिसला.”

“होय साहेब. चूक झाली. ही वही.”

हंबीररावांनी वही उचलली, दोन पानं चाळली आणि परत ठेवली. “आता हे चुकून छापलंय म्हटलं, तर इतिवृत्त रद्द. इतिवृत्त रद्द म्हंजे सभा रद्द. म्हंजे परत सभा बोलवायची आणि परत बाळासोम्होरं उभं ऱ्हायाचं. त्यापरास सर्प खरा.” त्यांनी खिशातून पेन काढलं. “अकरा वर्सांत तो पयल्यांदा मंजूर म्हणाला हो. माझं बीपी आज बरूबर असंल. वही घिऊन जावा घरला.”

गुरुप्रसादने वही पिशवीत ठेवली. त्याने उपसूचना स्वच्छ अक्षरात पानाखाली उतरवली. हंबीररावांनी ‘वाचून कायम केले’ लिहिलं, सही केली आणि संस्थेचा शिक्का मारला. पान परत घेताना गुरुप्रसादला तिसऱ्या वाक्यातला ‘जाळल्याबद्दल’ खटकला. ‘भस्म केल्याबद्दल’ बरं दिसलं असतं. त्याचं पेन आपोआप तिकडे वळलं आणि हंबीररावांनी त्याचं मनगट धरलं.

“काय करायलायसा?”

“एकच शब्द, साहेब.”

“कायम झालंय ते. आता काना-मात्रा जरी हलवायचा म्हटला, तरी नोटीस काढून खास सभा बोलवावी लागंल.”

गुरुप्रसादने पेनाला टोपण लावलं. सात खर्ड्यांत ही गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती. दोन वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि तो मोकळेपणाने श्वास घेऊ लागला. त्याने त्या पानाचा फोटो काढला आणि आणखी विचार मनात यायच्या आत प्रकाशकाला पाठवून दिला.

संध्याकाळचं दूध घेत असताना पुण्याहून उत्तर आलं. ‘शेवट फार आवडला. सगळी सभा उठते, हे सुचलं कसं? खाली अध्यक्षांची सही आणि शिक्का दिसतो आहे. तो छापताना काढायचा ना?’

गुरुप्रसादने हात पुसले आणि लिहिलं, ‘राहू द्या. नाहीतर मी परत बदलीन.’