अनंत काळ आणि चुनीलालभाऊ

"लिखा ना दोन शब्द! भाऊ शे तो मन्हा," म्हणत मोहिनीने नवऱ्याच्याच फोनवर चुनीलालचं चॅट उघडून तो त्याच्यापुढे धरला.

तोरणमाळच्या शाळेत विज्ञान शिकवणारे हेमकांतसर अंगणातल्या खाटेवर आपल्या विज्ञानकथेचा शेवट शोधत चुळबुळत होते. एका लग्नात ते मेव्हण्याच्या भाषणाला खो-खो हसले होते. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

"माझ्या कथेतलं माकड अनंत काळ बटणं बडवत बसलं, तर कधीतरी माफीसुद्धा टाइप करेल," सर म्हणाले. "तोवर थांब."

तेवढ्यात आत दूध उतू गेलं. फोन खाटेवर टाकून दोघंही धावली. परतली तर खाटेवर एक वानर फोन बडवत बसलेलं!

मोहिनीने काठी उचलली.

"हाकलू नको! बघू तरी काय लिहितं!" सर ओरडले.

त्या ओरडण्यानेच वानर फोनसकट आंब्यावर चढलं. वर फोन वाजू लागला. वानराने पडद्यावर पंजा फिरवला आणि फोन कानाशी नेऊन धापा टाकल्या. मग कंटाळून तो खाली फेकला. काचेचा चुरा झाला. मोहिनीच्या फोनला तिथे रेंज नव्हती. सर झाडाखाली येरझारा घालत राहिले. कुणाचा फोन होता, काय गेलं, कुणाला गेलं?

दुपारी घाट चढून एक गाडी दारात थांबली. घामाघूम चुनीलाल डॉक्टरांना घेऊनच उतरला.

"पाव्हना! तुम्ही ते धडधाकट शेतस! मेसेजमा निस्तं 'कककहहह', फोन लावा ते निस्ती धाप! माले वाटनं लकवा मारना!"

"अहो, ते माकडाने..."

"माकडले मन्हंच नाव कसं सापडनं?"

चॅट उघडं होतं असं सरांनी म्हणावं, तर ते कुणी उघडलं आणि कोरं का राहिलं, तेही सांगावं लागणार. मोहिनी आंब्याकडे बघू लागली.

"मीच लिहिलं," सर पुटपुटले. "माफी मागायची होती. बोटं थरथरली."

चुनीलालचे डोळे भरून आले. "इतलं मनवर लिधं?" त्याने सरांना घट्ट मिठी मारली.

"बोटं थरथरतात?" डॉक्टरांनी लगेच बॅग उघडली, दंडाला पट्टा गुंडाळला आणि भुवया उंचावल्या. रक्तदाब खरोखरच चढलेला होता.

जेवताना सरांच्या ताटातलं लोणचं आणि पापड चुनीलालने मोठ्या मायेने उचलून आपल्या ताटात घेतले.