सूदआंटींची रिकामी चौकट

वानखेडेकाका कुठल्याही पदार्थाला पहिल्या घासात चांगलं म्हणत नाहीत. उपम्याची बशी संपवतात, पुन्हा पुढे करतात आणि म्हणतात, "एका निरीक्षणावरून मत देणं बरोबर नाही." तिसऱ्या बशीनंतरही मत राखूनच ठेवतात.

काका मूळचे नागपूरचे. दिल्लीत सरकारी सांख्यिकी खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले आणि मयूर विहारमध्ये आमच्या शेजारीच राहिले. एकटेच असतात. लिफ्टमध्ये कुणी "आजकल सब लोग बदतमीज़ हो गए हैं" म्हणालं, की शांतपणे विचारतात, "सब यानी कितने?" त्यामुळे लिफ्ट त्यांना बहुतेक वेळा मोकळीच मिळते.

माझ्या अकरावीतल्या मुलीला, तन्वीला, शाळेतून सोसायटीतल्या घरांच्या माहितीचा तक्ता, म्हणजे डेटासेट, तयार करायचा प्रोजेक्ट मिळाला, तेव्हा काकांचा चेहरा घरात लग्न ठरल्यासारखा उजळला.

"हे बघ, प्रत्येक घर म्हणजे एक आडवी ओळ. ते आपलं निरीक्षण. जे विचारायचं ते उभ्या रकान्यात. घरागणिक बदलतं, म्हणून त्याला चल म्हणायचं. मातृभाषा शब्दांत येईल, चहाचे कप आकड्यांत."

"मग भाषेची सरासरी?"

"ती काढशील तर मी शेजार सोडीन."

दोघं दारोदार फिरले. दिवसाला चहा किती, यावर खालच्या मजल्यावरचे भल्लाजी म्हणाले, "बस, थोड़ी-सी." काका जागचे हलेनात. शेवटी त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "सात."

वरच्या मजल्यावरच्या सूदआंटींनी मात्र दारच उघडलं नाही. नवरा गेल्यापासून त्या कुणाशी बोलत नसत. तन्वीने त्यांच्या चहाच्या चौकटीत शून्य टाकलं.

"हे काय करून राहिली?" काका प्रथमच रागावले. "शून्य म्हणजे त्या चहा पीत नाहीत. आपल्याला ते कुठं माहीत आहे? माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवायची."

प्रोजेक्ट तसाच गेला, मार्कही चांगले मिळाले. काकांना मात्र चैन पडेना. रोज वेगळ्या वेळी जाऊन ते सूदआंटींची बेल वाजवू लागले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी समज दिली, तरी थांबले नाहीत.

एका सकाळी दार उघडलं. "आख़िर चाहिए क्या आपको?" आंटींनी विचारलं.

"चाय," काका गडबडून म्हणाले. "मतलब, कितनी पीती हैं?"

आंटींनी त्यांना आत घेतलं. काका खाली उतरले ते दुपारी.

"किती कप?" तन्वीने विचारलं.

"विचारायचं राहिलं."

आता ते रोज वर जातात. परवा जिन्यात भेटले तेव्हा मी चिडवलं, "काका, अजून आकडा मिळाला नाही वाटतं?"

ते कठडा धरून थांबले. "नोकरीभर मी लोकांना विचारतच आलो. घरात माणसं किती, कमावतं कोण, शिकलेलं कोण. बाईंनी त्या दिवशी मलाच विचारलं, खाना खाया आपने?"

मग वरची पायरी चढता चढता म्हणाले, "मला पटकन सांगताच येईना, हो. खाल्लं होतं की नाही."