उभे दामले

मंडळाच्या मीटिंगला दामले कधी बसले नाहीत. दोन-दोन तास कपाटाला पाठ टेकून उभे. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "बसलं की माणूस हो म्हणतो." चहाही उभ्यानंच, आणि बोलताना हात हलवायची खोड, त्यामुळे खाली बसलेल्या सेक्रेटरीच्या सदऱ्यावर दर मीटिंगला एक नवा डाग. ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत आमचं अंधेरीचं नाट्यमंडळ जोरात होतं आणि त्यात यांचं नावच पडलं होतं, उभे दामले.

विमा कचेरीत नोकरी, लग्न केलेलं नाही, जोगेश्वरीला एक खोली. "मंडळ बघेल" असं कुणी म्हणालं की दामले कपाटापासून सुटायचे. "मंडळ म्हणजे कोण? मंडळाला डोळे असतात का रे? तू बघणार का मी? नाव सांग!" नाव कुणीच सांगत नसे. मग स्वतःच म्हणायचे, "बरं, मी." बंद पंख्यापासून किंचाळणाऱ्या माईकपर्यंत सगळं असंच त्यांच्या गळ्यात पडलेलं.

आमच्या नाटकांतले नायक-नायिका ठरलेल्या चार आडनावांतून निघायचे. हेमा त्यातली नव्हती. ती मढच्या कोळीवाड्यातली, अंधेरीच्या एका कारखान्यात टायपिस्ट. आवाज असा की शेवटच्या रांगेत पेंगणारा ताठ बसावा. पण नाटक कुठलंही असो, हेमा मोलकरीण. नाटकं बदलली, तिच्या हातातली केरसुणी बदलली नाही.

"यंदा हिला नायिका द्या," दामले म्हणाले.

"तिचा 'ण' बघा हो," अध्यक्ष हसले. "पानी म्हणते, पानी!"

"तिचा 'ण' मी बघतो. तुमचं मन कोण बघणार?"

त्यांनी इतका पिच्छा पुरवला की कमिटीनं कंटाळून होकार दिला. मग तालमीआधी रोज शिकवणी. वेणी, लोणी, पाणी. एकदा हेमा वैतागली. "काका, तुम्ही सुरमईलाही मच्छी म्हणता नि बोंबलालाही मच्छी. मी हसले का कधी?"

दामले खजील झाले. जन्मात मासा तोंडात न घातलेला तो माणूस दुसऱ्या दिवसापासून कपाटाला टेकून "घोळ, दाढा, रावस" असं पुटपुटायला लागला. आम्ही हसून बेजार. 'ण' मात्र खरंच आला. हेमा पहिला प्रवेश करून दाखवायची तेव्हा तालमीत चहाचे कप तसेच गार व्हायचे.

स्पर्धेचा प्रयोग जवळ आला नि अध्यक्षांच्या सूनबाईंना अचानक अभिनयाची आवड उत्पन्न झाली. तातडीची मीटिंग. "स्पर्धेचा प्रश्न आहे, मंडळाला धोका पत्करता येणार नाही." हात वर झाले. विरोधात एकटे दामले. "मंडळ तिला कळवेल," अध्यक्ष म्हणाले.

"मंडळाला तोंड असतं का?" असं म्हणून दामले स्वतः कारखान्यात गेले. हेमानं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली नि पुन्हा टाईप करायला लागली. घरी मीच सांगेन, एवढंच बोलली.

प्रयोगाला दारावर मी होतो. दामले आत जायचं नाही असं ठरवून पायऱ्यांवर उभे. तेवढ्यात रिक्षा येऊन थांबल्या, एकामागून एक. त्यातून हेमाची आई उतरली आणि तिच्याबरोबर मढच्या वीसेक बाया. ठेवणीतली लुगडी, अंगावर असेल नसेल ते सोनं, अंबाड्यात अबोली. तरीच्या होडीनं खाडी ओलांडून, वर्सोव्याहून रिक्षा करून आलेल्या.

"हेमा सकालीच आली ना रंग लावाला?" आईनं विचारलं. "आमी सगल्या आयलो बगाला!"

पोरीच्यानं घरी सांगवलंच नव्हतं. मेकअपचं निमित्त करून सकाळीच बाहेर पडली होती, मैत्रिणीकडे जाऊन बसली होती, हे नंतर कळलं.

अध्यक्ष लगबगीनं आले नि माझ्या कानाशी म्हणाले, "बसवून घे रे आत. मागाहून बघू."

दामले दोन पायऱ्या खाली उतरले. "ती नाहीये नाटकात," ते म्हणाले. "मी काढलं तिला. आणि घरी बोलायचं नाही, अशी तंबीही मीच दिली होती. तिला बोलू नका."

मी तोंड उघडलं तर दामल्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. अध्यक्ष रुमालानं चष्मा पुसत राहिले.

आईनं दामल्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला पोरबाल हाय का?"

"नाही."

"तरीच," ती म्हणाली नि वळली.

दामलेच पुढे धावले. हात करकरून त्यांनी रिक्षा थांबवल्या, त्या बायांना बसवून दिलं. एकीनंही त्यांच्याकडे मान वळवली नाही. आत तिसरी घंटा झाली.

"खोटं कशाला बोललात?" मी चिडून विचारलं.

"अरे, पोरीला आज घरी जायचंय," दामले म्हणाले. "माझी कोण वाट बघतंय?"