सिस्टरबाईंनी भोजनप्रहरी अकरा घरे राखिली त्याची हकीकत

आकाश आणि पृथ्वी ज्याणे शब्दमात्रे उभी केली, आणि पाच हजारांस गवतावर बसवून ज्याणे पोटाची व जिवाची भूक एकेच ठायी भागविली, त्या प्रभूचे चरणी मस्तक ठेवून, जे घडले ते पदरचे न घालता लिहिले जाते, ऐसीजे:

मेथडिस्ट मंडळींची वार्षिक परिषद तीन रोजांची भरली. चौदा मंडळ्यांचे पाळक, वडील, गायनमंडळांचे सरदार, महिला मंडळांच्या सरदारणी, ऐसा दोनशेंचा जमाव एका शाळेचे इमारतीत येऊन उतरला. कामकाज थोर. अहवाल वाचावा, मग त्यावर दुरुस्ती सुचवावी, मग दुरुस्तीवर दुरुस्ती सुचवावी, आणि मग मूळ अहवाल होता तैसाच मंजूर करावा, ऐसी वहिवाट. यात शिकण्याशिकविण्यास वेळ म्हणून उरेना. तेव्हा हुजूर अधीक्षकसाहेब, चौदा मंडळ्यांचे मुखत्यार, यांणी मसलत केली की, माणूस भुकेला असता जेवण सोडून पळत नाही, सबब मिशन आणि सेवाकार्याचे धडे जेवणाचे टेबलावरच द्यावे. फर्मान सुटले: दुपारी एकपासून पावणेदोनपर्यंत एकाने बोलावे, बाकीच्यांनी जेवावे व ऐकावे, आणि चिटणिसांनी घंटा वाजवितांच दोन्ही थांबवावे.

दुसरे रोजीचा प्रहर सिस्टरबाईंचे नावे निघाला.

सिस्टरबाई म्हणजे इस्पितळात छत्तीस वर्षे चाकरी करून निवृत्त जाहलेल्या परिचारिका. उंची बेताची, आवाज वॉर्डाचे या टोकापासून त्या टोकास पोहोचणारा, आणि उजवा गुडघा दगाबाज. निवृत्तीनंतर बाईंनी एक मुलूख राखिला होता, तो अकरा घरांचा. जी माणसे अंथरुणास खिळली, चर्चला येणे ज्यांचे राहिले, त्यांजपाशी दर बुधवारी जावे, उशाशी बसावे, एखादे गीत म्हणावे, प्रार्थना करावी, आणि नखे वाढली असली तर कापून द्यावी. त्यांत एक शिंपी, ज्यांचे डोळे गेले आणि बोटे अजून पांघरुणावर टाके घालितात. एक शाळेच्या बाई, ज्या एकच गोष्ट वीस वेळा सांगतात आणि विसाव्यांदाही सर्वांआधी आपणच हसतात. आणि एक आजोबा, ज्यांचे बाकी सगळे वार हरवले, बुधवार तेवढा राहिला.

पुढील महिन्यात गुडघ्यावर शस्त्रक्रिया नेमिली होती. डॉक्टरांचा हुकूम की सहा महिने परका जिना चढू नये. बदलीस माणूस नाही. बाईंनी दारोदार विचारले, तेव्हा सर्वांनी "सिस्टर, प्रार्थना करतो हं" ऐसा जबाब दिला, आणि केलीही असेल. सबब या पाऊण तासात फौज उभी करावी, नाही तर अकरा घरांचा बुधवार बुडाला, ऐसा बाका प्रसंग येऊन ठेपला.

बाईंसमागमे त्यांची नणंद होती. दोघी एके घरी राहत, आणि सव्वीस वर्षे एकमेकींस अक्कल शिकवीत आल्या होत्या. नणंदेने भाषणाची पाने मोजली आणि कपाळास हात लाविला.

"वहिनी, आठ पानं? सूप गार होईल त्यांचं."

"होऊ दे. मी छत्तीस वर्षं गार चहा प्यायलेय, वन्सं. तुम्ही फक्त यादी फिरवा."

मग एकचे ठोक्यास रणास तोंड लागले. प्रथम एका वयोवृद्ध पाळकसाहेबांनी अन्नाबद्दल उपकारस्तुती आरंभिली. अन्नाबद्दल उपकार मानिले, अन्न पिकविणारांबद्दल मानिले, इमारत बांधणारांबद्दल मानिले, आणि मग जे जे प्रभूकडे गेले त्यांची नावे घेऊ लागले. नऊ मिनिटे तेथेच खर्ची पडली. आमेन होतांच दोनशे चमच्यांनी एकदम चाल केली. बाईंनी पहिले पान वाचिले, ते सुपाच्या वाट्यांत बुडाले. दुसरे पान वाचिले, ते पावाच्या टोपल्यांत अडकले. कोणी मीठ मागे, कोणी पाण्याचा जग सरकवी, आणि सर्व मंडळी चर्चमधील सवयीप्रमाणे मागील टेबले धरून बसल्यामुळे बाईंपुढे पाच टेबले ओस. तिसरे पान बाईंनी उघडिलेच नाही. नणंदेस डोळ्याने इशारत केली आणि यादी रवाना जाहली.

यादीचे माथ्यावर ठळक अक्षरी लिहिले होते की, बुधवारच्या भेटींसाठी मी तयार आहे. खाली नाव व फोन. परंतु येथे मंडळींची एक खोड सांगणे प्राप्त आहे. परिषदेत सकाळपासून कागद फिरत असतात: हजेरीचा, खोल्यांचा, समित्यांचा, परत जाण्याच्या बसचा. तीन रोजांत हातास ऐसे वळण पडते की, पेन बांधिलेला कागद समोर आला म्हणजे हात आपसूक सही करितो, आणि डोळे बटाट्यावरून उठत नाहीत. कोणी घास चावता चावता पुसले, "कशाचा आहे?" शेजारणीने सांगितले, "हजेरी असेल. करा आणि पुढे द्या." तितक्यावर काम जाहले. चिटणिसांनी तर दोनदा सही केली.

कागद परत आला तो त्रेसष्ट नावे घेऊन. बाईंचे डोळे भरून आले. आजोबांस बुधवार तर राहीलच, पण मंगळवार आणि गुरुवारही परत देता येतील, ऐसे मनात आले. तोच अधीक्षकसाहेब टेबलांमधून वाट काढीत आले आणि प्रसन्न मुद्रेने वदले,

"सिस्टर, हजेरी छान झाली हं आज."

बाईंचा हात कागदावर थांबला. मग चष्मा लावून नावे वाचिली. सतरावे नाव एका पाहुण्या पाळकांचे, जे उद्या सकाळी आगगाडीने दोन दिवसांचे वाटेवर आपले गावी जाणार. चाळिसावे नाव एका बाईंचे, ज्या स्वतःच काठीवाचून दोन पावले चालत नसत. तेव्हा काय घडले ते बाईंस उमगले.

नणंदेने मसलत दिली, "सही ती सही, वहिनी. फोन लावायचे आणि उभं करायचं. लाजेकाजेनं येतील की."

"लाजेनं आलेला माणूस आजाऱ्याला लगेच कळतो, वन्सं. तो सारखा घड्याळाकडे बघतो. मग आजारी माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं."

नणंदेने यावर मान डोलावून होकार दिला, हे बखरीत मुद्दाम नमूद केले आहे, कारण वारंवार घडत नाही.

घंटेस पंधरा मिनिटे उरली असता बाई उभ्या राहिल्या, आणि वॉर्डातला आवाज काढून आज्ञा केली, "चमचे खाली ठेवा." दोनशे चमचे खाली आले. मग बाईंनी जाहीर केले की, तो कागद हजेरीचा नव्हे, कशाचा ते माथ्यावर लिहिले आहे, आणि ज्यांनी चुकून सही केली त्यांनी नाव खोडावे, आपला राग नाही. कागद पुन्हा फिरला. आता प्रत्येकाने माथा वाचिला, पेन उचलिले, शेजाऱ्याकडे पाहिले आणि पेन ठेविले.

"तुम्ही आधी."

"छे, पाळकसाहेब, तुमचं नाव वर आहे."

"वर आहे म्हणूनच तर पंचाईत आहे."

चारचौघांत आजाऱ्यांवर काट मारण्यास कोणाचे धैर्य होईना. कागद एकही रेघ न पडता त्रेसष्ट नावांनिशी परत आला. दुसरा कोणी असता तर यासच फत्ते म्हणून नगारा वाजविता. बाईंनी मात्र त्या कागदाचे सर्वांदेखत चार तुकडे केले. त्यासरशी भोजनगृहात ऐसा सुटकेचा श्वास निघाला की टेबलावरील कागदी रुमाल हालले.

"नवा कोरा कागद बाहेर, हात धुवायच्या बेसिनपाशी ठेवलाय," बाई म्हणाल्या. "तिथं कुणी कुणाला बघत नाही. आता दोन मिनिटं ऐका, मग गोड खा." आणि मग आठ पानांतले काहीएक न वाचता शिंप्याची हकीकत सांगितली. गेल्या बुधवारी शिंप्याने बाईंचे मनगट हाती धरिले, बाही चाचपिली आणि म्हटले, उसवलीय, काढा, शिवून देतो. सुई ओवून द्यावी लागली. टाके वेडेवाकडे आले. बाईंनी बाही वर करून दाखविली आणि खाली बसल्या. पावणेदोन वाजले. चिटणिसांचा हात घंटेवर होता, तो तेथेच राहिला, आणि घंटा वाजली ती दोन मिनिटे उशिरा, जे त्यांचे कारकिर्दीत पूर्वी कधी घडले नव्हते.

पुढे बाईंनी दाराकडे पाठ केली. नणंद जासूद होऊन हात धुण्यास गेली, परत आली.

"कोरा."

"बसा, वन्सं."

पुन्हा हात धुण्यास गेली. "एक."

"बसा म्हटलं ना."

तिसऱ्या खेपेस कागदच घेऊन आली. नावे चार. घंटेचे चिटणीस. गिटार वाजविणारे धाकटे पाळक. स्वयंपाकघरात वाढणाऱ्या मावशी, ज्या मेथडिस्टच काय, कोणत्याच मंडळीच्या नव्हत्या, दारातून ऐकत उभ्या होत्या. आणि चौथे ते काका ज्यांस ऐकू येत नाही. त्यांणी शेजाऱ्याकडून सर्व लिहवून घेतले आणि नावाखाली लिहिले की, मला ऐकू येत नाही, पण बसता येतं.

"चारच," नणंद म्हणाली.

"चार पुष्कळ झाले." बाईंनी गार सूप पुढे ओढिले आणि पाव बुडवून संपविले.

मग चार बुधवार बाईंनी चौघांस समागमे नेऊन घरे दाखविली. शस्त्रक्रियेच्या आदले रोजी चिटणीस मुलखाची वाटणी सुवाच्य अक्षरात लिहून घेऊन आले. बाईंनी ती वाचिली आणि म्हणाल्या,

"चिटणीस, तुमची मोजणी चुकली. घरं अकरा आहेत, तुम्ही बारा लिहिलीत."

"बारावं तुमचं, सिस्टर. प्रत्येकी तीन आली, वाटणी बरोबर बसली."

"मला कशाला? मी काय आजारी आहे?"

"उद्यापासून आहेस," नणंद आतून म्हणाली.

येणेप्रमाणे भोजनप्रहरीची मोहीम फत्ते जाहली. रण पाऊण तास व दोन मिनिटे. फौज त्रेसष्ट नावांची उभी राहिली, ती सन्मानपूर्वक घरी गेली, आणि कोऱ्या कागदावरील चौघांनी मुलूख घेतला. अकरा घरांचा बुधवार कायम राहिला, बारावे घर नव्याने दाखल जाहले. त्या दाखल्यावर सिस्टरबाईंनी लेखी हरकत घेतली. ती चौघे व नणंद मिळून पाच मतांनी नामंजूर जाहली, आणि बाईंनी डोळे पुशीत वाटणीच्या कागदावर सही केली, माथा वाचून.