साहेबांच्या चौदा गोळ्या

औषध बरं वाटेपर्यंतच घ्यायचं असतं, या तत्त्वावर सुशिक्षित घरांत कधीच दुमत नसतं. निवृत्त हेडक्लार्क असलेल्या आजोबांनी तर ते सत्तर वर्षं कसोशीनं पाळलं होतं. सुरू केलेले अँटिबायोटिकचे कोर्स एकवीस, पूर्ण केलेले शून्य (एकविसाव्यात दोनच गोळ्या उरल्या होत्या, पण तेवढ्यात बरं वाटलं).

त्यांच्या कुत्र्याचं नाव साहेब. आपल्या शब्दात राहणारा एक तरी साहेब असावा, एवढीच आजोबांची माफक इच्छा. हे साहेब उंदरांचा राबता असलेल्या डबक्यातलं पाणी प्यायले आणि आठवड्याभरात त्यांनी अंथरूण धरलं. ताप, उलट्या, डोळे पिवळे. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी लेप्टोस्पायरोसिसचं निदान केलं. तीन दिवस सलाइन आणि इंजेक्शनं, मग घरी रोज एक गोळी, चौदा दिवस. शिवाय लघवीतून हा आजार माणसांनाही होतो, म्हणून हातमोजे.

आजोबांनी तातडीनं परिपत्रक काढलं. 'साहेबांच्या लघवीस कोणीही विनामोजे सामोरे जाऊ नये.' घरातल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या (शेजाऱ्यांना प्रत माहितीसाठी).

गोळ्यांच्या चौथ्या दिवशी साहेबांनी पेपरवाल्यावर भुंकून आपण कामावर रुजू झाल्याचं कळवलं. आजोबांनी गोळ्या बंद केल्या.

"अहो बाबा, चौदा दिवस सांगितलेत," सून म्हणाली.

"अगं, कशाला उगाच त्या मुक्या जिवाला उष्ण औषधं? शेपूट बघ की त्याची!"

शेपूट समाधानकारक होती. विषय संपला.

आठव्या दिवशी साहेबांनी उकडलेलं अंडं हुंगून तोंड फिरवलं. डोळे पुन्हा पिवळे. आजोबा साहेबांना कवेत घेऊन, चपला न घालताच दवाखान्यात पोचले.

"गोळ्या कुणी थांबवल्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "जंतू मूत्रपिंडात दडून बसतात, आजोबा. शेपटीला काय कळतंय त्यातलं?"

एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रत्येक चूक वरच्या टेबलाकडे ढकलणाऱ्या आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. तिथं एकच टेबल होतं आणि त्यावर साहेब निपचित पडले होते.

"मी थांबवल्या," ते म्हणाले आणि त्यांना रडू आवरेना.

पुन्हा सलाइन, पुन्हा चौदा गोळ्या. प्रत्येक गोळीपुढे तारीख, वेळ, आजोबांची सही. साहेब ठणठणीत झाले. लघवीच्या तपासणीत एकही जंतू सापडला नाही.

तरी ज्या वाचकांनी अँटिबायोटिकचा कोर्स आयुष्यात एकदा तरी शेवटच्या गोळीपर्यंत घेतला असेल, त्यांनी कृपया हात वर करावा. खरं सांगायचं हं.

आतापर्यंत फक्त एक पंजा वर आला आहे.